चौथ्या चौकटीचा कागद

१

"हा कागद माझा नाही," चिमणी म्हणाली, आणि गुण मोजायच्या खोलीत अशी शांतता पसरली की टेबलावरच्या भिंगालासुद्धा घाम फुटला.

निशाणाच्या कागदावर दहा भोकं होती. दहा गोळ्या, दहा भोकं, हिशेब चोख. पण ती अशी विखुरलेली, की जणू कोणी पळत्या घोड्यावरून शिंकत शिंकत मारली असावीत. दोन पार पांढऱ्यात गेलेली, एक कडेला लटकलेली, उरलेली वाट चुकलेल्या वऱ्हाडासारखी इकडेतिकडे. आणि चिमणी म्हणजे आमच्या रेंजवरची अशी नेमबाज, की माशीला आधी सूचना देऊन तिच्या डाव्या मिशीवर गोळी मारील. मी पाहिलंय. माशीनेही पाहिलंय.

रेंजच्या सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, हरलं की सगळ्यांनाच आपला कागद परका वाटतो."

"मी दुर्बिणीतून पाहिला होता. सगळ्या गोळ्या मधोमध होत्या."

"ती मनाची दुर्बीण. तिच्यात नेहमी मधोमधच दिसतं."

त्या दिवशीची स्पर्धा साधी नव्हती. जिंकेल त्याला दूरच्या मोठ्या अकादमीत तीन वर्षं शिकायला जागा मिळणार होती. वयाची अट अशी, की चिमणीला पुढच्या वर्षी अर्जही करता आला नसता. आज नाही तर कधीच नाही. निकालावर संध्याकाळी सही व्हायची होती, आणि चिमणीचा हा कागद खरा धरला तर जागा जात होती लंबूला. लंबू म्हणजे सेक्रेटरींचा सख्खा भाचा.

चिमणीचे वडील दारापाशी उभे होते. त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. रेंजवरच्या बंदुका तेच दुरुस्त करत, आणि लेकीला बंदूक धरायला शिकवली तीही त्यांनीच. बायको गेल्यापासून त्या घरात बाप आणि लेक, दोनच जीव. ते पुढे आले, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल घरी. खूप झालं."

"नाही बाबा. माझा कागद सापडल्याशिवाय मी इथून हलायची नाही." मग ती माझ्याकडे वळली. "नाना, अक्कांना बोलवा."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पोलिसांच्या कागद-तपासणी खात्यात तिची उभी हयात गेली. तिच्यापुढे कागद ठेवला की आरोपीआधी कागदच कबुली देतो. जन्मली तेव्हा म्हणे रडायच्या आधी तिने सुईणीला विचारलं होतं, "मी यायच्या आधी खोलीत कोण कोण होतं?"

मी फोन लावला. पलीकडून अक्का म्हणाली, "थापाड्या, यातलं खरं किती?"

"अक्का, आज सगळंच खरं आहे."

"मग आलेच मी. कागदाला कोणी हात लावू नका. विशेषतः तू."

२

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. आमच्या रेंजवर निशाणाचा कागद चौकटीवर कसा लावायचा, यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून भावाभावांत होत नसतील.

चिकटराव म्हणजे कागद लावणारा आणि उतरवणारा माणूस. तो खळीचा भक्त. कागदाची अख्खी पाठ खळीने माखायची आणि पुठ्ठ्यावर तळहाताने दाबत बसवायची. नुसत्या कडा चिकटवल्या तर गोळी कागद फाडते आणि भोकाची कड खोटी दिसते, असं तो शपथेवर सांगायचा. सेक्रेटरींचा विश्वास स्टेपलरवर: चार कोपरे, चार पिना, मामला खलास. लंबू आळशी, तो सरावाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. आणि उस्ताद? त्यांच्या घरामागच्या आवारात ते स्टेपलरच वापरायचे, पण पीन तिरकी मारायचे आणि तिच्याखाली पुठ्ठ्याची टिकली घालायचे, म्हणजे वाऱ्याने कोपरा फाटत नाही. आमच्याकडचा वारा म्हणजे काय सांगावा! एकदा चिकटरावाची टोपी उडाली ती तिसऱ्या दिवशी पृथ्वीला वळसा घालून मागच्या फाटकाने परत आली.

स्पर्धेला मात्र सेक्रेटरींचा नियम चालायचा. नवा पुठ्ठा, कोरा कागद, चार सरळ पिना.

अक्का आली. छत्री खुर्चीला अडकवली, भिंग काढलं, आणि भोकांकडे ढुंकूनही न बघता कागदाचे कोपरे पाहायला लागली. मग म्हणाली, "आजचे बाकीचे सगळे कागद आणा."

आणले. तिने ते टेबलावर ओळीने मांडले.

"चिकटराव, तुम्ही कागद कसा उतरवता?"

"कसा म्हणजे? ओढून! स्टेपलरवाल्या कागदाची काय पूजा करून उतरवायचा?"

"बघा तर मग. या सगळ्यांचे कोपरे फाटलेत. पिनेपासून कडेपर्यंत चीर गेलीय. आणि चिमणीच्या या कागदाचे?"

आम्ही सगळे वाकलो. माझं डोकं सेक्रेटरींच्या डोक्यावर आपटलं. चारही कोपऱ्यांत पिनेची दोन-दोन बारीक भोकं होती, स्वच्छ, नीटस. चीर एकालाही नव्हती.

"हा कागद आज कोणी ओढून काढलाच नाही," अक्का म्हणाली. "कोणीतरी टेबलावर ठेवून पिना मारल्या आणि नखाने हळूच उकलल्या. आज हा कागद मैदान बघूनही आलेला नाही."

चिमणीने डोळे मिटून घेतले.

"पण शिक्का आजचा आहे!" सेक्रेटरी म्हणाले.

"शिक्का कुठे असतो तुमचा?"

"टेबलावर."

"कुलपात?"

"...टेबलावर."

"म्हणजे मांजराच्या गळ्यात दुधाची किल्ली," अक्का म्हणाली. "चला, मैदानात जाऊ. कागद बदलता येतो. पण त्याच्या मागचा पुठ्ठा गोळी विसरत नाही."

कोणाच्या लक्षात न आलेली सोपी गोष्ट होती ती. पुठ्ठा नवाकोरा होता. चिमणीच्या गोळ्या कुठे लागल्या ते तिथे जसंच्या तसं दिसलं असतं. आम्ही जवळजवळ धावतच गेलो.

चिमणीच्या चौथ्या चौकटीवर पुठ्ठा होता. पण जुना, चाळणी झालेला, शेकडो भोकांचा.

३

"कोणीतरी नवा काढून जुना लावलाय," चिकटराव म्हणाला. "मी सकाळी स्वतः नवे पुठ्ठे चढवलेत हो अक्का. देवाशप्पथ!"

चिमणी त्या चाळणीकडे बघत राहिली. पण रडली नाही. उस्तादांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने न बघता घेतली. बापाने दिलेली वस्तू बघून घ्यायची तिला सवयच नव्हती.

अक्काने एकेकाला बाजूला घेतलं. मी सोबत होतो, कारण अक्काला तिखट बोलायला कोणीतरी लागतं.

आधी चिकटराव.

"कागद तुम्हीच लावले?"

"मीच. म्हणजे हातांनी लावले. मनाने नाही. मनाने मी स्टेपलर कधीच मारला नाही."

"आणि उतरवल्यावर?"

"गठ्ठा गुणांच्या खोलीत ठेवला आणि हात धुवायला गेलो. हातांना खळ होती."

"स्पर्धेत खळ कशाला?"

चिकटराव ओशाळला. "सवय. सकाळी बादलीभर करतोच. नाही केली तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. मागच्या सरावाच्या चौकटींपाशी ठेवून येतो."

"परत आलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

"सेक्रेटरीसाहेब फोनवर होते, पाठमोरे. लंबू दारातून आत-बाहेर करत होता. उस्ताद टेबलावरच्या दिव्याची वायर बसवत होते."

मग लंबू. तो इमारतीमागे दगडावर बसला होता, गुडघे कानांपाशी.

"बदललास कागद?" अक्काने सरळच विचारलं.

"मी? अक्का, मला स्टेपलर धरता येत नाही. एकदा मी माझी बाहीच चौकटीला मारून घेतली होती. अर्धा तास निशाण होऊन उभा. नानांना विचारा."

"खरं आहे," मी म्हणालो. "दोघांनी तर बंदुकाही भरल्या होत्या."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी आकाशातले ढग मोजायला लागलो. मग ती त्याच्या शेजारी बसली.

"तुझ्या दुर्बिणीतून चौथी चौकट दिसते?"

लंबूने टाचेने माती उकरली. "दिसते."

"काय दिसलं?"

"एकच भोक," तो म्हणाला. "दहा गोळ्यांचं मिळून एकच. शर्टाच्या बटणाएवढं. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं की मी हरलो."

"मग आत बोलला का नाहीस?"

"मामा म्हणाला, गप्प बस." त्याने नाक पुसलं. "आणि मलाही जायचं होतं ना हो, अक्का."

मग सेक्रेटरींना विचारलं तर ते आधी चिडले, मग लाल झाले, मग खाली बघायला लागले. "हो, म्हणालो मी गप्प बस. भाचा आहे माझा. पण कागदाला मी हात लावलेला नाही. मला वाटलं, नशिबानेच दिलंय, तर आपण कशाला नको म्हणायचं?"

"नशीब पुठ्ठे बदलत नाही," अक्का म्हणाली.

शेवटी उस्ताद. ते आपल्या कामाच्या टेबलाशी बसले होते आणि एक स्क्रू उगीचच पुसत होते.

"तुम्ही खोलीत होतात तेव्हा गठ्ठ्याजवळ कोण आलं?"

"लक्ष नव्हतं."

नुसत्या आवाजावरून बंदुकीतला कुठला स्क्रू सैल झालाय हे ओळखणारा माणूस. त्याचं लक्ष नव्हतं. मला त्यात काही वाटलं नाही. लेक हरलेली, बापाचं चित्त कुठून ठिकाणावर असणार?

अक्का उठता उठता म्हणाली, "उस्ताद, खरा कागद मिळाला नाही तर हिचं आयुष्य इथेच थांबेल. लंबूचा शब्द पुरणार नाही. कागदच लागेल."

"जाळून टाकला असेल कोणी," उस्ताद म्हणाले.

"असेल," अक्का म्हणाली. "शत्रूने घेतला असेल तर नक्कीच जाळला असेल."

आणि ती तशीच उभी राहिली, जणू आपलंच वाक्य तिने दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं होतं.

४

"थापाड्या, शत्रूने नसेल घेतला तर?"

आम्ही मागच्या सरावाच्या चौकटींकडे चाललो होतो. स्पर्धेमुळे तो भाग त्या दिवशी बंद होता. चिकटरावाची खळीची बादली तिथेच होती, वर साय धरलेली.

या चौकटी म्हणजे चिकटरावाचं राज्य. कागदावर कागद, कागदावर कागद, वर्षानुवर्षं चिकटवून त्यांच्या गाद्या झाल्या होत्या. एका चौकटीवर तर मी दुपारी झोपही काढलीय, उभ्या उभ्या.

अक्काने बोटाची पेरं दुमडली आणि पहिल्या चौकटीवरच्या कागदावर टकटक केलं. ठप ठप. दुसरीवर. ठप ठप. भरलेला, घट्ट आवाज. एकेक करत ती पुढे जात होती, आणि आमच्यामागे चिमणी, लंबू, सेक्रेटरी, चिकटराव, सगळी वरात. उस्ताद मागे राहिले होते.

शेवटून दुसऱ्या चौकटीवर तिने टकटक केलं. डुम.

"हा पोकळ आहे," अक्का म्हणाली.

चिकटराव पुढे झाला. कागदावर हात फिरवला, कडा दाबून पाहिल्या, आणि त्याचा चेहरा असा झाला जणू कोणी त्याच्या आईला शिवी दिली. "कडेकडेने खळ! मधे थेंब नाही! अक्का, हे माझं काम नाही. मेलो तरी मी असं लावणार नाही. कोण हा चांडाळ?"

चोरीचं त्याला काही नव्हतं. खळ कडेने लावली, याने तो कासावीस झाला होता.

अक्काने चाकूने चारी कडांना चीर दिली. वरचा कोरा कागद पडद्यासारखा खाली आला.

आत दुसरा कागद होता. आजच्या शिक्क्याचा. कोपरे चिरलेले. काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर एकच भोक होतं, कडा फुलासारख्या उमललेल्या, शर्टाच्या बटणाएवढं.

चिमणीच्या तोंडून आवाज निघाला. हसू की हुंदका, कळलं नाही. लंबूने टोपी काढली.

"जिंकलीस गं," सेक्रेटरी पुटपुटले. त्यांच्या आवाजात, खरं सांगतो, सुटका होती. "मी आत्ता सही करतो."

"थांबा," अक्का म्हणाली. "हा कागद कसा लावलाय ते बघा आधी."

आम्ही पाहिलं. त्या कागदाला खळ नव्हती. नवी पीन नव्हती, टाचणी नव्हती, चिमटा नव्हता. चारही कोपऱ्यांवर कागदाच्या तिरक्या पट्ट्या होत्या, फक्त पट्ट्यांची टोकं पुठ्ठ्याला चिकटवलेली, आणि कागदाचे कोपरे त्यांत अलगद खोचलेले. घरातल्या अल्बममध्ये लग्नाचा फोटो लावतात ना, तसे.

"चिकटराव, असं निशाण कोणी लावतं का?"

"असं? असं तर देवाचा फोटोही कोणी लावत नाही हो."

"या माणसाला हा कागद लपवायचा होता," अक्का हळू आवाजात म्हणाली. "पण त्याला टोचवेना. खळ लावली तर काढताना पाठ सोलून निघेल, म्हणून तीही लाववेना. वरच्या कागदाची खळ मधे लागून खालचा बिघडू नये, म्हणून तीसुद्धा त्याने फक्त कडेने लावली. लोक गेले की सोडवून घरी न्यायचा असणार. लंबूने हा कागद चोरला असता तर चुरगळून खिशात घातला असता. सेक्रेटरींनी फाडला असता. ज्याने चोरला त्याला त्या एका भोकाचंसुद्धा वाईट करवत नव्हतं."

वारा पडला होता.

"चिमणे," अक्का म्हणाली, "तू जरा माझ्याबरोबर खोलीत ये. एकटी."

मला "एकटी"त धरत नाहीत, म्हणून मीही गेलो.

५

अक्काने तो खोटा कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि भिंग चिमणीच्या हातात दिलं.

"सरळ पिनांची भोकं सोड. त्यांच्या आतल्या बाजूला बघ."

चिमणी वाकली. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. प्रत्येक कोपऱ्याजवळ, सरळ भोकांच्या जरा आत, आणखी एक तिरकी खूण होती. आणि तिच्याभोवती बोटाच्या नखाएवढा चौकोन, फिकट लाल. लाल पुठ्ठा ओला झाला की रंग सोडतो, तसा.

"गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा लाल असतो," अक्का म्हणाली. "तिरकी पीन, खाली टिकली. दमट हवेत कधीतरी लावलेला कागद. हा कुठे लावला होता?"

चिमणी इतकी स्थिर झाली की मला वाटलं, बंदुकीमागे तिला बघतोय. मग तिची नजर कोपऱ्यावरून सरकत भोकांवर आली. ती भोकं ती सकाळपासून परकी म्हणत होती. आता तिने ती एकेक करून पाहिली, ओळखीचं गाव दुरून दिसावं तशी.

"हा माझाच आहे," ती म्हणाली. "आजचा नाही. आई गेली त्याच आठवड्यातला."

अक्काने खुर्ची पुढे सरकवली. चिमणी बसली नाही.

"मीच केलं हे," ती एकदम म्हणाली. "लिहून घ्या. मीच बदलला. मला जायचं नव्हतं."

"असं?"

"हो. मला घाबरायला झालं. अकादमी, परकी माणसं... म्हणून मी जुना कागद आणला."

"आणि मग स्वतःच ओरडलीस, की हा माझा नाही?"

चिमणीने भिंग टेबलावर ठेवलं.

"गोळीबार थांबल्यावर तू नेमाच्या रेघेवरच होतीस. बंदूक तपासून परत देईपर्यंत दोन पंच तुझ्या दोन्ही बाजूंना होते. पुठ्ठा बदलायला मैदानात तू गेलीस कधी? चिमणे, मी जन्मभर खोट्या सह्या पाहिल्या. दुसऱ्याला वाचवायला केलेली सही नेहमी सगळ्यात वाईट जमते."

"अक्का, मी पाया पडते." ती खरंच वाकली. "मला जागा नको. लंबूला द्या. फक्त ते नाव घेऊ नका."

"घेऊ दे त्यांना," दारातून आवाज आला.

उस्ताद उभे होते. हातात तो स्क्रू अजून तसाच होता.

६

ते आत आले. लेकीकडे न बघता त्यांनी जुना कागद उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं, राहू दे आज," ते म्हणाले. "तर ही म्हणाली, आईला सांगितलंय रोज दहा म्हणून. रडत रडत दहा मारल्या. एकही थांबवली नाही. लोक जिंकलेले कागद जपून ठेवतात. मी हा ठेवला. माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर हाच असायचा."

"आणि आज?" अक्का म्हणाली.

"आज सकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. शिक्का मारून ठेवला होता, पण हात धजत नव्हता. मग दुर्बिणीतून पाहिलं. अक्का, तसा कागद मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. माझ्या पोरीचा. छाती अशी भरून आली की श्वास घेता येईना. आणि त्याच क्षणी कळलं, आता ही गेली." त्यांनी कागद खाली ठेवला. "घरी भांडं पडलं तर आत्ता आतून आवाज येतो, 'काय पडलं?' मी म्हणतो, 'काही नाही.' एवढंच बोलणं होतं कधीकधी दिवसभरात. पुरतं मला ते. तेही गेलं तर पडलेलं भांडं मी उचलू तरी कशाला?"

लोक म्हणतात मला कुठल्याही प्रसंगी बोलायला सुचतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"जाळता आला नाही ना?" अक्काने विचारलं. तिचा आवाज चौकशीचा राहिला नव्हता.

"काडी पेटवली होती. दोनदा." उस्ताद आता लेकीकडे वळले. "पोरी, तुझा कागद मिळाला. तू जा. मला काय व्हायचं ते होऊ दे."

चिमणी त्यांच्यासमोर उभी होती. सकाळपासून जे पाणी तिने अडवून धरलं होतं ते आता गालांवरून वाहत होतं, आणि ती पुसत नव्हती.

"बाबा, तू एकदा म्हणाला असतास ना, 'नको जाऊस'..."

"तुझ्या पायात बेडी कशी घालू? बाप आहे मी."

"घातलीसच की! मला न सांगता घातलीस. मी सकाळपासून वेडी झाले होते, बाबा. मला वाटलं माझे डोळे गेले, माझा हात गेला. मी तुझ्याकडे बघत होते, तू म्हणशील, पोरी तू बरोबर आहेस. तू म्हणालास, चल घरी." तिने श्वास घेतला. "तू एकदा तोंडाने म्हणाला असतास, तर मी राहिले असते. हसत राहिले असते. आता कशी राहू? रोज तुझ्या हातचा चहा घेताना मला तू तो कागद बदलताना दिसशील."

उस्तादांनी हात पुढे केला. तो हवेत थोडा वेळ राहिला आणि मग त्यांनी तो खिशात घातला.

निकालावर चिमणीचं नाव चढलं. सेक्रेटरींनी उस्तादांकडून बंदुकांच्या कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. मागताना नुसता हात पसरला. लंबूने चिमणीचं अभिनंदन केलं. मग तो उस्तादांच्या टेबलापाशी गेला, तिथे विखुरलेली अवजारं नीट रचून ठेवली आणि निघून गेला.

चिमणी अकादमीला निघाली त्या सकाळी मी आणि अक्का त्यांच्या अंगणात होतो. निरोपाला माणसं हवीत म्हणून चिमणीनेच बोलावलं होतं. दोघांत एकटं राहायला नको म्हणून, असं अक्का म्हणाली. घरात सगळं वेळेवर झालं होतं. चहा झाला, शिदोरी बांधून झाली, गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. बाप-लेक एकमेकांशी बोलत होते ते असं: "छत्री घेतलीस?" "घेतली." "कागदपत्रं?" "आहेत."

तिची बॅग भलीमोठी होती. लहानपणापासून तिचं जड सामान उस्तादांनीच उचललेलं. ते सवयीने पुढे झाले आणि त्यांनी पट्टा धरला.

"राहू दे," चिमणी म्हणाली. रागाने नाही. परक्या माणसाला म्हणावं तसं.

त्यांनी पट्टा सोडला. ती बॅग घेऊन चालायला लागली. खांदा एका बाजूला वाकलेला, पाय ओढत. अर्ध्या वाटेवर, फाटकाच्या अलीकडे, तिने बॅग खाली ठेवली आणि उभी राहिली. मागे वळली नाही. आमच्याकडे पाठ करून नुसती उभी.

दम लागला होता म्हणून थांबली की कोणी यावं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. आयुष्यभर दुसऱ्याचा नेम सुधारणारा माणूस, एक पाऊल टाकावं की नाही हे आम्हाला विचारत होता.

"अहो, जा ना!" अक्का ओरडली.

ते धावले. त्या वयाचा माणूस जितका धावू शकतो तितके. पण तोवर चिमणीने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली होती, आणि फाटक उघडून ती रस्त्यावर पोचली होती.